माडावर अडकलेला हात

भिकाजी माडावर चाळीस फूट चढला आणि खोडाला धरलेला त्याचा यांत्रिक हात गोठला. “प्रणाली बिघडली आहे. नव्याने बसवण्यासाठी लायसन्स नंबर सांगा,” हात बोलला.

खालून त्याची बायको शेवंती कागद धरून ओरडून वाचू लागली. “सात! चार! नऊ!” हात एकेक आकडा मान्य करत गेला.

एकच उरला तेव्हा भिकाजीला आठवलं, प्रणाली बसताना पंजा आधी उघडतो. त्याच्या पायांत तर गोळे आले होते.

“शेवंते, गप!”

“अवो, एकच तर रायलाय!”

“तो बोललीस तर मी खालीच येईन!”

नारळ उतरवायच्या दोराने त्याने डाव्या हाताने आणि दातांनी कंबर माडाला बांधली. गाठ ओढून पाहिली.

“आता बोल.”

शेवंतीने तोंड उघडलं. आकडा काही केल्या बाहेर पडेना.