जांभळी प्लेट

रोह्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये दर्शनाने जंतूंची प्लेट बाहेर काढली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. पांढरे जंतू जांभळे झाले होते.

हे जंतू मुके. स्वतः निरोप धाडत नाहीत, पण दुसऱ्या जंतूंचा आपसातला रासायनिक निरोप पोचला की रंग धरतात. आजवर तिने त्यांच्यापुढे नदीचं पाणी ठेवलं होतं. या वेळी बाबाच्या जखमेतला पू. प्रोजेक्टच्या सरांना न विचारता.

डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या कामावर बाबाच्या, मंगळ्याच्या, टाचेत पत्रा घुसला, त्याला दीड महिना झाला होता. वरून जखम सुकलेली दिसे. आत जंतूंची एकजूट चालली होती.

त्याच दुपारी ती बाबाला घेऊन पेणला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिच्या फोनवरचा प्लेटचा फोटो पाहिला.

"हा कुठल्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट?"

"रिपोर्ट नाही, सर. मी रोह्याला लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे. आत पसरतंय, एकदा उघडून बघा."

डॉक्टरांनी केसपेपरवरचा पत्ता वाचला. "निडीच्या आदिवासीवाडीवरचे ना तुम्ही? जखम भरतेय. चिखलात जाऊ नका म्हणावं." त्यांनी मलम लिहून दिलं.

"साहेब, आतून लय ठणकतंय," मंगळ्या म्हणाला. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

दर्शनाने फोन पर्समध्ये टाकला. ती भांडली नाही. भांडायला हवं होतं, हे तिला अकराव्या दिवशी कळलं. त्या दिवशी बाबाचा पाय गुडघ्याखाली कापला.

कॉलेजात सरांच्या हाती प्लेटचा फोटो लागला. ते रागावले नाहीत. "इतका स्वच्छ रिझल्ट आपल्याकडे कधी आला नव्हता. रिसर्च पेपरमध्ये घेऊ. पेशंटची संमती तेवढी आण."

दोन दिवस संमतीचा कागद तिच्या पिशवीतच राहिला. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, तेव्हा वॉर्डात बाबाच्या खाटेशी बसून तिने तो बाहेर काढला.

"कसला कागद गो?"

"तुज्या जखमेतले जंतू एकमेकांशी बोलत व्हते. ते आमी वळखलं. आता छापनार हायेत."

मंगळ्याने चादरीखालून हात काढला आणि अंगठ्याला शाई लावून घेतली. कागदावर अंगठा नीट दाबला.

"बरं झालं," तो म्हणाला. "त्यांचं तरी कुनी ऐकलं."