पेटीतली ऊब

आळेफाट्याच्या एका हॉटेलाच्या आवारात मालक अमृतने इजिप्तचा देखावा उभारला होता. प्लायवूडचा पिरॅमिड आणि शेजारी ममीची फायबरची पेटी. रविवारी लोक रांग लावून त्या पेटीत आडवे होत आणि छातीवर हात ठेवून फोटो काढून घेत.

सोमवारी तिथे कुणीच नसे. झाडलोट करणाऱ्या शीलाबाई एकट्याच पेटी पुसत. एका सोमवारी त्यांनी आत हात घातला, तर तळ कोमट लागला, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

"अमृतभाऊ, पेटीत कोण झोपलं व्हतं का?"

"फायबर हाय, मावशी. उनानं तापतंय."

पण आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

मग त्या रोज आधी आत हात ठेवून बघू लागल्या. नवरा गेल्यापासून अशी ऊब त्यांच्या हाताला लागली नव्हती.

एका दुपारी आसपास कुणी नाही असं पाहून त्यांनी चपला काढल्या आणि पेटीत शिरून, कुशीवर होऊन डोळे मिटले. पेटी जेमतेम एका माणसापुरती होती.

पाठीमागे कुणीतरी हळूच सरकून त्यांना जागा करून दिली.

शीलाबाईंनी डोळे उघडले नाहीत.