जाळ्याची जागा

पडद्यावरच्या नकाशात आमच्या गावापुढचा समुद्र कोरा करकरीत होता. "इथे मासेमारी होत नाही, म्हणून इथेच भराव टाकून बंदर होणार," गावात सुनावणी घ्यायला आलेले बंदर खात्याचे साहेब म्हणाले. "माहिती तुम्हीच दिलीय. खाली सह्या आहेत."

दोन वर्षांपूर्वी सर्वेक्षणवाले घरोघरी नकाशा घेऊन आले होते, जाळी कुठे लावता विचारत. दारात शेजारी उभा असताना खरी जागा कोण सांगणार? आमच्यात ती चुलतभावालाही सांगत नाहीत. बाबांनी बोट ठेवलं ते थेट गावापासून लांबच्या खडकांवर, जिथे जाळं टाकलं तर फाटेलच, आणि "कसा फसवला!" म्हणत आठवडाभर हसत होते. गावातल्या चाळीसही घरांनी अशीच लांबची खोटी जागा दाखवली होती.

आता सगळे माना खाली घालून बसलेले. बाबा उठले आणि उभ्या गावासमोर म्हणाले, "साहेब, लिवून घ्या. मारुतीचं देऊळ आणि दोन ताड एका रेषेत आले, की तिथं दहा वाव खोल पाणी. तीच आमची जागा. माझ्या आज्याची."

दादाला हीच जागा त्यांनी भर समुद्रात, आसपास कुणी नसताना, कानात सांगितली होती.

साहेब लॅपटॉपची वायर गुंडाळत होते.