जत्रेतला चेहरा

मुलीचा चेहरा पुन्हा फसला. अपर्णाने ब्रश पाण्यात टाकला आणि खुर्ची मागे सरकवून चित्राकडे पाहिलं. जत्रेत आईचा हात सुटलेली लहान मुलगी. डोळे विस्फारलेले, तोंड वासलेलं, भुवया कपाळात. घाबरलेली कसली, खोकल्याचं औषध पाजल्यासारखी दिसत होती.

सकाळीच पुण्याहून कल्पनाताईंचा फोन येऊन गेला होता. गोष्टीचं पुस्तक त्याच काढणार होत्या. "भीती दाखवायला तू सगळं पान काळंनिळं करून ठेवलंयस," त्या म्हणाल्या होत्या. "जत्रा जत्रेसारखीच राहू दे. सगळे मजेत आहेत आणि हिच्या एकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालाय, असं हवं. पोरं त्या पानावर थांबली पाहिजेत."

रंग अपर्णाने बदलले. पाळणा पिवळाधमक केला, फुगे गुलाबी, शेवेच्या दुकानावर हिरवं कापड. चेहरा मात्र काही येईना.

टेबलाशेजारी फरशीवर सोनी रंगीत खडूंनी रेघोट्या मारत बसली होती. तिची आई मंजुषा नंदुरबारकडची. नवरा नरोलीच्या सुताच्या कंपनीत, आणि ती सिल्वासातल्या या इमारतीत धुणंभांडी करायची. वरच्या मजल्यांवरची कामं होईपर्यंत सोनी अपर्णाकडे असायची. पाच वर्षांची, बडबडी. आताही तिचं लाल खडूशी काहीतरी भांडण चाललं होतं.

अपर्णा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "सोनी, मम्मी गेली."

"वरती?"

"नाही. गावाला. एसटीत बसून गेली. आता नाही यायची."

सोनी हसली. हसत हसत तिने अपर्णाच्या तोंडाकडे पाहिलं. अपर्णाने आपला चेहरा हलू दिला नाही.

सोनीचं तोंड उघडलं नाही. डोळेही मोठे झाले नाहीत. ओठांवरचं हसू पुसायचं राहून गेल्यासारखं तसंच राहिलं आणि त्याच्याभोवतीचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. मग खालचा ओठ दातांखाली गेला. नजर दाराकडे गेली, परत आली, पुन्हा दाराकडे गेली. अपर्णाची पेन्सिल भराभर चालू लागली.

सोनीने पसरलेले खडू गोळा केले, डबीत भरले आणि डबी भिंतीला लावून ठेवली.

"मग मी इथेच राहू, मावशी?" तिने विचारलं. "मी रंग नाही सांडणार."

अपर्णाला ऐकू आलं. तरीही तिने ओठांची रेघ पुरी केली आणि मगच पेन्सिल खाली ठेवली.

"अगं, गंमत केली. मम्मी वरतीच आहे. येईल आता."

"हो," सोनी म्हणाली. पण खडूंची डबी काही तिने परत उघडली नाही.

अपर्णाने तिच्या हातात बिस्किट दिलं, गालाला हात लावला आणि टेबलाकडे वळली. चेहरा आता एका बैठकीत आला. गालावरचा तांबूस रंग तिने ओल्या ब्रशने उचलून घेतला आणि तिथे फक्त कागद राहू दिला. भोवतीचा पिवळा, गुलाबी, हिरवा एकदम मोठ्याने बोलू लागला. तिने फोटो काढला आणि कल्पनाताईंना पाठवून दिला. मागे वळून पाहिलं, तर बिस्किट सोनीच्या हातात तसंच होतं.

बेल वाजली. मंजुषा पदराला हात पुसत आत आली. सोनी उठली आणि तिने आईच्या निऱ्या मुठीत धरल्या.

"तरास दिला का ताई हिनं? आज अशी गप का?"

सांगून टाकावं, असं अपर्णाच्या अगदी ओठांवर आलं.

"कंटाळली असेल," ती म्हणाली.

मंजुषाचं लक्ष टेबलावर गेलं. "ही तर आमचीच सोनी," ती हरखून म्हणाली. मग नीट वाकून बघू लागली. "पन अशी का काढली? काय झालं हिला?"

"जत्रेत आई हरवलीय तिची."

"मंग सापडते ना?"

"सापडते. पुढच्या पानावर."

फोन थरथरला. कल्पनाताईंचा मेसेज होता. 'हाच चेहरा. कसा काय जमला गं?' अपर्णाने फोन उपडा ठेवला.

दाराशी मंजुषा म्हणाली, "चल, चप्पल घाल." सोनीने निऱ्या सोडल्या नाहीत. मंजुषाने तिची बोटं सोडवून पाहिली. सुटेनात. मग स्वतःशीच हसत तिने त्या एवढ्याशा चपला पिशवीत टाकल्या, सोनीला कडेवर घेतलं आणि जिना उतरू लागली.

आईच्या खांद्यावरून सोनी मागे बघत होती. अपर्णाने हात हलवला. "उद्या ये हं," ती म्हणाली.

सोनीचे दोन्ही हात आईच्या गळ्याभोवती होते. तिने एकही सोडवला नाही.