रोज दोन कप

त्र्याण्णवच्या भूकंपापासून अब्बा जपायच्या वस्तू दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. घर हाललं की पेटी उचलून पळायचं. काल त्यांच्या छातीत कळ आली, लातूरला भरती केलं. अम्मीनं मला कागदपत्रांसाठी निलंग्याच्या घरी पाठवलं. पेटीत रेशनकार्डाखाली मी ईदला आणलेला ग्रीन टीचा रिकामा डबा निघाला. त्यावर माझंच अक्षर: ‘रोज दोन कप. कोलेस्टेरॉल उतरतं.’ मी डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीटच्या कोचिंगला आहे, हे मात्र मोबाइलवर वाचून लिहिलं होतं. डब्याशेजारी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठीच दिलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं, न फोडलेली. ‘गोळ्या सोडा’ असं मी म्हटलं नव्हतं. ‘घेत राहा’ असंही नव्हतं. दवाखान्यात पाकिटं पाहून डॉक्टर चिडले, “चाचा, ह्या कुणी बंद करायला सांगितल्या?” अब्बांनी हसत सलाइन लावलेला हात माझ्याकडे केला. “माझ्या पोरीनं, सायब. लातुरात डॉक्टरकी शिकून राहिली.”