खाणीचं विरजण

गारपिटीने भिवकुंडच्या खाणीतल्या टाक्या फुटल्या आणि दगड खाऊन तांबं मोकळं करणारे जिवाणू ओढ्यात वाहून गेले. उरले फक्त त्यांना सांभाळणाऱ्या प्रणिताकडच्या बरणीतले. या डोंगराच्या दगडाला सरावलेलं विरजण होतं ते. गारठून मेलं, तर खाण कायमची बंद पडणार होती. त्यात वीज गेलेली. तिने बरणी शालीत गुंडाळून पोटाशी धरली.

"एक लेकरू माझ्याकडे, एक तुझ्याकडे," तान्ह्याला थोपटत सासूबाई म्हणाल्या. "माझं निदान रडून सांगतं तरी!"

"हे रंग बदलून सांगतं, आई."

दिवसभर ती मधूनमधून शाल बाजूला करून त्या हिरवट पाण्याकडे बघत राहिली. संध्याकाळी त्यात तांबूस झाक दिसली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात नवी टाकी गंजासारखी लाल झाली आणि खाण सुरू झाली.

मग एका सकाळी डोंगरापलीकडच्या खाणीचे इंजिनिअर रिकामी बाटली घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, आमचं सगळंच वाहून गेलं हो. थोडं विरजण मिळेल?"

"देते की! पण असं हातात लोंबकळवत नेऊ नका, भाऊ. छातीशी धरून न्या."

साहेबांनी निमूटपणे जॅकेटची चेन खाली ओढली.