दिपालीच्या भोपळ्याचा रोग

डोळे मिटा. नको, उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? फक्त मनात एक लाल भोपळा आणा. तुमच्या दप्तराएवढा? छे, त्याहून मोठा. दोन्ही हातांनी मिठी मारली तरी बोटांना बोटं लागणार नाहीत, एवढा. आता तो मांडीवर घ्या आणि दापोड्याहून भिवंडीला, खड्ड्याखड्ड्यांतून चाललेल्या सुमोत मागच्या सीटवर बसा. जमलं? मग तुम्ही आता पाचवीतल्या दिपालीच्या जागी बसला आहात.

दिपालीच्या घरचं शेत गोदामांखाली गेलं होतं. गोदामाच्या भिंतीमागे एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. तिथे तिने हा वेल लावला. नराचं फूल मादीच्या फुलाला कसं टेकवायचं, ते केसरीनाथ आजोबांनी शिकवलं. बाकी सगळं तिचं. भोपळ्याला ओल लागू नये म्हणून खाली पेंढाही तिनेच घातला. आज कृषी प्रदर्शनात भाज्यांची स्पर्धा होती. पहिला आलेला भोपळा मंडपाच्या दाराशी, लाल कापडावर, पिकवणाऱ्याच्या नावाची पाटी लावून ठेवणार होते. दिपालीला ती पाटी हवी होती.

निघताना मात्र कमळाआजीने काजळाची डबी काढली. घरी तुपात कालवलेलं, दाट काजळ. तिने दिपालीच्या गालावर टपोरी तीट लावली.

"आजी! मी काय तान्ही आहे?"

"गावभरची माणसं येतील तिथं. नजर लागंल गो तुला. पुसलीस तर बघ!"

धाकट्या भाविकला तेवढंच हवं होतं. "तीटबाई! ए तीटबाई!" पुढच्या सीटवरून तो सारखा मागे वळून ओरडत होता. गाडी चालवणारे बाबासुद्धा आरशात बघून हसले. दिपालीने तोंड फिरवलं. भोपळ्याला मिठी मारून, त्यावर गाल टेकवून बसली. भिवंडी येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"पोरीचा किती जीव आहे बघा भोपळ्यावर," आई म्हणाली.

मंडपात परीक्षक श्रीनाथ सर एकेक टेबल बघत आले. दिपालीच्या भोपळ्यावर त्यांनी टिचकी मारली. आवाज ऐकून मान डोलावली. मग चष्मा सरसावून वाकले.

"अरेरे! हा काळा डाग बघा. बुरशी आहे. रोगट फळाला नंबर देता येत नाही."

झालं! माणसं गोळा झाली. खारबावचे सावळाराम म्हणाले, "बुरशी कसली? करपा हाय हा." औषधाच्या स्टॉलवरचा माणूस धावतच आला. "दोन फवारण्यांत जाईल, काका!"

"वेल घरी, भोपळा इथं. फवारू कोणावर, तुझ्यावर?" केसरीनाथ आजोबा उखडले. त्यांचा जन्म भोपळे पिकवण्यात गेलेला. त्यांनी डागाकडे जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "असला रोग मी बघितला न्हाय. पाणी जास्त दिलंस काय गो?"

दिपालीने नकारार्थी मान हलवली.

भोपळा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. तिथे पिकांवरचे रोग मांडले होते. एका बाजूला किडकी वांगी, दुसऱ्या बाजूला करपलेला भात. मधे दिपालीचा भोपळा. पाटी मिळाली, पण तिच्यावर लिहिलं होतं, 'अनोळखी रोग'. त्या टेबलाभोवती एवढी गर्दी झाली की ट्रॅक्टरपाशी कुणी उरलं नाही.

"नजर! दुसरं काय?" आजी कडाडली. "पोरीला तीट लावली, भोपळ्याला लावायची राहिली!" पोरगी तरी शाबूत आहे ना, हे बघायला तिने दिपालीची हनुवटी धरून तोंड वळवलं. "आँ? तुझी तीट कुठं गेली? पुसलीस ना?"

"नाही गं आजी, शप्पथ! मी हातसुद्धा लावला नाही…"

दिपाली मधेच थांबली. तिने गाल चाचपला. भोपळ्याकडे पाहिलं. मग गर्दीत घुसली, अंगठा जिभेला लावला आणि त्या अनोळखी रोगावर जोरात घासला.

रोग गेला. भोपळा लखलखीत झाला आणि अंगठा काळाकुट्ट.

मग श्रीनाथ सरच आधी हसले, आणि सगळा मंडप हसायला लागला. औषधवाला गुपचूप आपल्या स्टॉलवर निघून गेला. "मी म्हटलंच होतं, नवीन रोग हाय," आजोबा मिशीत हसत म्हणाले. सरांनी भोपळा स्वतः उचलला, धापा टाकत दाराशी नेला आणि लाल कापडावर ठेवला. पुढे पाटी लागली: कु. दिपाली मनोज पाटील, दापोडे.

आता येणाराजाणारा प्रत्येक जण तिथे थांबू लागला. "काय भोपळा हाय!" सावळाराम म्हणाले. "नजर हटत न्हाय!"

दिपालीने त्यांच्याकडे पाहिलं. भोपळ्यावर खिळलेल्या त्या सगळ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग आपल्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. भाविकचं लक्ष नाही अशी खात्री केली, खाली वाकली, आणि भोपळ्याच्या बुडाशी, परीक्षकांना कधीच दिसणार नाही अशा जागी, तो अंगठा हळूच टेकवला.